विनामूल्य साधनांचें मोल

आज मी आपणांपुढें जो विषय मांडणार आहें, तो प्रथमदर्शनीं जरा रुक्ष वाटेल. संगणकासाठीं प्रोग्रॅम लिहिण्याचीं जीं मुक्त साधनें आज विनामूल्य मिळतात, त्यांची राखण आणि सुधारणा कोणीं करावी, आणि त्या कामाला लागणारा पैसा कोठून यावा, असा हा प्रश्न आहे. परंतु नवी मुंबईंत राहणाऱ्या माणसाला तो समजून घेण्यासाठीं दूर जाण्याचें कारण नाहीं. त्याचा दाखला आपल्या पायांखालच्या जमिनींतच आहे.

१९७० सालीं सिडको स्थापन झाली आणि पुढें ठाण्याच्या खाडीच्या पूर्वेकडील गांवांच्या जमिनीवर हें शहर उभें राहिलें. तत्पूर्वीं या पट्ट्यांत भाताचीं शेतें होतीं आणि मिठागरें होतीं. शेतें खाडीला लागून असल्यामुळें भरतीचें खारें पाणी आंत शिरूं नये म्हणून मातीचे लांबच लांब बांध घातलेले असत. असा बांध कोणा एकाच्या शेतापुरता नसे. त्याच्या आड ज्यांचीं ज्यांचीं शेतें, त्या सर्वांचा तो असे. खेकडे त्याला भोंकें पाडीत, लाटा त्याची माती झिजवीत, आणि म्हणून वर्षाचे वर्षाला माती टाकून तो सारखा करावा लागे. एकानें आपल्या वाट्याचें काम टाळलें आणि तेथें खांड पडली, तर पाणी त्या एकाच्याच शेतांत जाऊन थांबत नसे. तें सर्वांच्या शेतांत पसरे, आणि खारावलेली जमीन पुन्हां पिकाला येण्यास कांहीं वर्षें लागत. हें काम इतकें महत्त्वाचें कीं, १९४८ सालीं मुंबई सरकारनें खार जमिनींविषयीं स्वतंत्र कायदा केला.

बांधाच्या आड शेती करण्याचें भाडें बांधाला कोणी देत नसे. त्या अर्थानें बांध फुकट होता. परंतु बांधाची राखण फुकट नव्हती. माझें आजचें सारें म्हणणें या भेदावर उभें आहे.

आतां त्याच जमिनीवर ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत कचेऱ्यांच्या इमारती उभ्या आहेत. महापे येथें मिलेनियम बिझनेस पार्क आहे. बेलापूर आणि खारघर यांच्या सीमेवर सी-डॅकचें केंद्र आहे. जुहू येथें १९८५ सालीं सुरू झालेली राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान संस्था २००३ सालीं याच सी-डॅकमध्यें विलीन झाली. या साऱ्या ठिकाणीं माणसें दिवसभर संगणकापुढें बसून प्रोग्रॅम लिहितात किंवा दुसऱ्यानें लिहिलेले वापरतात. त्यांच्याही भोंवतीं एक बांध आहे. तो डोळ्यांना दिसत नाहीं, एवढेंच.

प्रोग्रॅम लिहिण्याचें साधन म्हणजे काय, तें प्रथम पाहूं. सुतार नुसत्या करवतीनें घर बांधीत नाहीं. त्याला रंधा लागतो, पटाशी लागते, माप घेण्याचा गज लागतो, आणि काम मांडून करावयास जागा लागते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचेंही तसेंच आहे. त्याला प्रथम एक भाषा लागते, उदाहरणार्थ पायथॉन किंवा सायलॅब. त्या भाषेंत लिहिलेल्या आज्ञा यंत्राच्या भाषेंत उतरवून देणारा दुभाष्या लागतो. लिहिण्यासाठीं एडिटर लागतो. चूक कोठें झाली तें शोधून काढणारा डीबगर लागतो. गणित, आलेख, चित्रें इत्यादि वारंवार लागणारीं कामें आधींच करून ठेवलेल्या लायब्ऱ्या लागतात. आणि या सर्वांचा उपयोग कसा करावा हें सांगणारें पुस्तक लागतें. हा सगळा सरंजाम मिळून प्रोग्रॅमरचा कारखाना होतो.

हा कारखाना दोन रीतींनीं मिळतो. एक रीति म्हणजे एकाद्या कंपनीकडून परवाना विकत घेणें. त्यांत साधन वापरण्याची मुभा मिळते. तें आंतून कसें बनविलें आहे तें पाहतां येत नाहीं, आणि मुदत संपली कीं पुन्हां पैसे भरावे लागतात. दुसरी रीति मुक्त साधनांची. १९८३ सालीं अमेरिकेंत रिचर्ड स्टॉलमन यांनीं ग्नू नांवाची चळवळ आरंभिली. साधन कोणत्याही कामासाठीं वापरण्याची, तें उघडून तपासण्याची, त्याच्या प्रति वाटण्याची आणि त्यांत सुधारणा करून ती सुधारणाही वाटण्याची, अशी चौपदरी मोकळीक प्रत्येकाला असावी, असें या चळवळीचें सूत्र आहे. १९९८ पासून अशा साधनांना ‘ओपन सोर्स’ हें नांव रूढ झालें. मराठींत आपण त्यांना मुक्त-स्रोत साधनें म्हणतों. यांतील ‘मुक्त’ हा शब्द स्वातंत्र्याचा वाचक आहे, किंमतीचा नव्हे. परंतु वाटण्याची मोकळीक असली कीं किंमत आपोआप शून्यावर येते, आणि लोकांच्या ध्यानांत स्वातंत्र्य राहत नाहीं, शून्य तेवढें राहतें.

या साधनांची आपल्या जवळची हकीकत सांगतों. ऐरोलीचा पूल ओलांडून पलीकडे गेलें कीं पवईची भारतीय तंत्रज्ञान संस्था, म्हणजे आपली आयआयटी, लागते. तेथें केंद्र सरकारच्या अनुदानावर फॉसी नांवाचा उपक्रम सुरू झाला. शिक्षणांत मुक्त-स्रोत साधनांचा प्रसार करणें हा त्याचा हेतु. त्यामागील अडचण साधी होती. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला गणनेचें काम शिकवावयाचें तर त्यासाठीं लागणारीं विकाऊ साधनें फार महाग असतात. कॉलेज आपल्या प्रयोगशाळेपुरता परवाना कसाबसा घेतें. विद्यार्थी चार वर्षें त्यावर शिकतो, आणि पदवी हातीं पडली कीं शिकलेलें साधन हातचें जातें. मग तो रबाळ्याच्या लहानशा कारखान्यांत नोकरीला लागतो, तेथें मालकाला परवाना परवडत नाहीं, आणि दोघांपुढें दोनच वाटा उरतात: चोरटी प्रत वापरणें, नाहीं तर शिकलेलें विसरून जाणें.

फॉसीनें यावर जे उपाय योजिले ते ध्यानांत घेण्यासारखे आहेत. त्यांतील एक सायलॅबचा. सायलॅब हें फ्रान्समध्यें जन्मलेलें गणनेचें मुक्त साधन. रसायन अभियांत्रिकीचे प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकारानें त्याचा येथें प्रसार झाला. नुसतें साधन हातीं दिल्यानें कोणी तें वापरीत नाहीं, हें ओळखून एक युक्ति काढली गेली. अभ्यासक्रमांत जीं पाठ्यपुस्तकें नेमलेलीं असतात, त्यांतील सोडविलेलीं उदाहरणें विद्यार्थ्यांनीं सायलॅबमध्यें करून द्यावीं, जाणकारांनीं तीं तपासावीं आणि विद्यार्थ्यांना त्याबद्दल मानधन मिळावें. अशा रीतीनें शेकडो पुस्तकांच्या जोडपुस्तिका तयार झाल्या, आणि त्या कोणालाही मोफत घेतां येतात. याच संस्थेंत ‘स्पोकन ट्युटोरियल’ या उपक्रमांतून सुमारें दहा-दहा मिनिटांचे बोलके पाठ निघाले, आणि ते मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकावयास मिळतात. इंग्रजीला बिचकणाऱ्या खेड्यांतील मुलासाठीं ही फार मोठी सोय झाली.

येथवर काम विद्यार्थ्यांचें झालें. परंतु विद्यार्थी हा कायमचा विद्यार्थी राहत नाहीं. तो कचेरींत जातो, त्याच्या गणितावर पूल उभे राहतात, लोकांचे पगार निघतात, बॅंकेचे हिशेब चालतात. शिकण्याचें साधन आणि धंद्याचें साधन यांत काय अंतर आहे, तें येथें पाहिलें पाहिजे.

फॉसीचेंच दुसरें एक साधन घेऊं. त्याचें नांव ओसडॅग. पोलादी बांधकामाच्या जोडण्या आणि भाग यांचें गणित तें भारतीय मानक ८००, आवृत्ति २००७, यास अनुसरून करतें, आणि त्याचें चित्रही काढून देतें. तें पायथॉन भाषेंत लिहिलेलें आहे. विद्यार्थ्याच्या गणितांत चूक झाली तर त्याचे गुण जातात. तळोज्याच्या एकाद्या शेडचा आराखडा करणाऱ्या अभियंत्याच्या गणितांत चूक झाली तर छप्पर खालीं येतें. म्हणून व्यवसायी माणूस साधनाजवळ कांहीं निराळ्या गोष्टी मागतो. त्याचें उत्तर शेंकडों उदाहरणांवर तपासून पाहिलेलें असावें. आज जो प्रोग्रॅम चालतो तो पुढच्या वर्षीं नवी आवृत्ति आल्यावर मोडूं नये. चूक झालीच तर ती कोठें झाली हें साधनानें स्पष्ट सांगावें. पुस्तक पुरतें लिहिलेलें असावें. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, अडचण आल्यास तिचें उत्तर देणारें कोणी तरी असावें. मानक बदललें तर साधनही बदललें पाहिजे, आणि तें कोणी तरी वेळेवर बदललें पाहिजे.

या मागण्यांकडे नीट पाहिलें तर त्यांत नवलाईचें कांहीं नाहीं असें दिसेल. त्या साऱ्या राखणीच्या मागण्या आहेत. नवें साधन निर्माण करण्यांत आनंद असतो, कीर्ति असते, आणि त्यासाठीं हौशी माणसें रात्री जागवितात. पण दुसऱ्याच्या जुन्या प्रोग्रॅममधील चूक शोधणें, पुस्तकाचें प्रकरण पुन्हां लिहिणें, शंभर चांचण्या पुन्हां चालवून पाहणें, या कामाला टाळ्या मिळत नाहींत. पायथॉनचेंच उदाहरण पाहा. त्या भाषेची तिसरी आवृत्ति २००८ सालीं निघाली, आणि ती दुसऱ्या आवृत्तीशीं पूर्णपणें जुळणारी नव्हती. दुसरीची देखभाल १ जानेवारी २०२० रोजीं थांबविण्यांत आली. मधल्या अकरा वर्षांत जगांतील असंख्य लायब्ऱ्यांना आपला प्रोग्रॅम नव्या आवृत्तींत उतरवून घ्यावा लागला. एवढे श्रम करून वापरणाऱ्याला नवें असें फारसें कांहीं दिसलें नाहीं. जें काल चालत होतें तें आजही चालत राहिलें, एवढेंच. पण तें ‘एवढेंच’ म्हणजेच व्यवसायी माणसाची भाकरी.

मग या कामाचे पैसे कोण देतो? उत्तर लाजिरवाणें आहे. पुष्कळ काळ कोणीच देत नव्हतें. पायथॉनमधील गणनेची मुख्य लायब्ररी म्हणजे नमपाय. तिची पहिली पूर्ण आवृत्ति २००६ सालीं निघाली. कृष्णविवराचें जें पहिलें चित्र २०१९ सालीं प्रसिद्ध झालें, त्याच्या गणनेंतही तिचा हात होता. परंतु त्या लायब्ररीच्या विकासासाठीं म्हणून पहिलें स्वतंत्र अनुदान मिळण्यास २०१७ साल उजाडावें लागलें. अमेरिकेंतील मूर प्रतिष्ठाननें तेव्हां सुमारें साडेसहा लक्ष डॉलर दिले. तोंपर्यंतची अकरा वर्षें हें काम मुख्यतः प्राध्यापकांच्या, विद्यार्थ्यांच्या आणि नोकरदारांच्या फावल्या वेळेवर चाललें होतें.

दुसरा दाखला अधिक भयंकर आहे. इंटरनेटवरून जाणारा मजकूर गुप्त ठेवण्यासाठीं ओपनएसएसएल नांवाची मुक्त लायब्ररी वापरतात. २०१४ सालीं तिच्यांत ‘हार्टब्लीड’ या नांवानें ओळखली जाणारी एक चूक सांपडली, आणि सर्व जगाच्या पोटांत धस्स झालें; कारण असंख्य पेढ्यांचा आणि सरकारांचा कारभार तिच्यावर विसंबून होता. चौकशी करतां असें दिसून आलें कीं, या लायब्ररीला वर्षाकाठीं मिळणाऱ्या देणग्या सुमारें दोन हजार डॉलर होत्या, आणि पूर्ण वेळ काम करणारा माणूस एकच होता. बांधाला खांड पडल्यावर मग सगळे घमेलीं घेऊन धांवले. मोठमोठ्या कंपन्यांनीं त्याच वर्षीं लिनक्स फाउंडेशनच्या मार्फत अशा साधनांसाठीं निधि उभारला. पण खारें पाणी तोंवर शेतांत येऊन गेलें होतें.

कंपन्या कृपण असतात म्हणून हें घडतें, असें मला वाटत नाहीं. कारण बरेंच साधें आहे, आणि तें हिशेबाच्या वहींत सांपडतें. कचेरींतील खुर्ची विकत घेतली तर तिचें बिल येतें. बिल आलें कीं कारकून तें वहींत चढवितो आणि पैसे देतो. मुक्त साधनाचें बिल कधींच येत नाहीं. ज्याचें बिल नाहीं त्याचा खर्च नाहीं, आणि ज्याचा खर्च नाहीं तें वरिष्ठांच्या नजरेला पडत नाहीं. साधन वापरणाऱ्या अभियंत्याला त्याचें मोल ठाऊक असतें, पण पैसे देण्याचा अधिकार नसतो. ज्याला अधिकार असतो त्याला त्या साधनाचें नांवही ठाऊक नसतें. शिवाय, मी नाहीं दिले तर दुसरा कोणी देईल, हा विचार सर्वांच्याच मनांत एकाच वेळीं येतो.

आतां पैसा उभारण्याच्या ज्या रीति आजवर करून पाहिल्या गेल्या, त्यांचा विचार करूं.

पहिली रीति सरकारी अनुदानाची. फॉसी हें तिचेंच फळ. अनुदान नसतें तर हजारों विद्यार्थ्यांच्या हातीं हीं साधनें गेलीं नसतीं. परंतु अनुदान ठराविक उद्दिष्टासाठीं आणि ठराविक मुदतीपुरतें असतें. रोप लावण्याला तें उत्तम. रोज पाणी घालण्याला अपुरें. २०१५ सालीं भारत सरकारनें आपल्या कारभारांत मुक्त-स्रोत साधनांना अग्रक्रम देण्याचें धोरण जाहीर केलें, तें स्तुत्यच आहे. पण वापरावें असें ठरविणें आणि राखावें असें ठरविणें, हे दोन निराळे ठराव आहेत.

दुसरी रीति, एकाद्या कंपनीनें काम करणाऱ्याला आश्रय देण्याची. प्रभु रामचंद्रन यांनीं २००१ च्या सुमारास ‘मायावी’ नांवाचें एक साधन लिहिलें. शास्त्रीय मोजमापांचीं त्रिमितीय चित्रें तें काढून देतें. हे गृहस्थ पुढें पवईच्या संस्थेंत विमानविद्येचे प्राध्यापक झाले. मायावीची दुसरी पिढी एन्थॉट या अमेरिकन कंपनीच्या साहाय्यानें तयार झाली, कारण त्या कंपनीला आपल्या गिऱ्हाइकांसाठीं तसें साधन हवेंच होतें. पायथॉनच्या संस्थेनेंही २०२१ सालीं गूगलच्या देणगींतून राखणीसाठीं पहिला पूर्ण वेळ पगारी माणूस नेमला. ही रीति जलद फळ देते; मात्र कंपनीचें चित्त दुसरीकडे वळलें कीं आश्रय सुटतो.

तिसरी रीति वर्गणीची, आणि मला ती सर्वांत विचारणीय वाटते. १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत ऍलन के व त्यांच्या सहकाऱ्यांनीं स्मॉलटॉक नांवाची भाषा निर्माण केली. तिच्या परंपरेंत १९९६ सालीं स्क्वीक हें मुक्त साधन निघालें. तें शिकण्या-शिकविण्याला सुरेख होतें. पण धंद्यासाठीं वापरणाऱ्यांना त्यांतील अडगळ काढून टाकणें आणि पाया भक्कम करणें जरूर वाटलें. म्हणून २००८ सालीं कांहीं मंडळी त्यांतून निघालीं आणि त्यांनीं फारो हें साधन आरंभिलें. २०१२ सालीं फ्रान्सच्या इन्रिया या सरकारी संशोधन संस्थेच्या छत्राखालीं फारोचा एक संघ स्थापन झाला. फारोवर धंदा चालविणाऱ्या कंपन्या या संघाला वार्षिक वर्गणी भरतात, लहान कंपनी लहान रक्कम आणि मोठी कंपनी मोठी. त्यांतून अभियंत्यांचे पगार निघतात. साधन मात्र सर्वांना मोकळेंच राहतें. वर्गणी न भरणाऱ्यालाही तें मिळतें. सायलॅबसाठींही २००३ सालीं फ्रान्समध्यें असाच संघ झाला होता. पुढें त्याची कंपनी झाली, आणि २०१७ सालीं ती दुसऱ्या मोठ्या कंपनीनें विकत घेतली. पण परवाना मुक्त असल्यामुळें पवईंत झालेलें काम कोणाला कुलुपांत घालतां आलें नाहीं. मालक बदलला तरी मोकळीक बदलत नाहीं, हें या परवान्यांचें खरें बळ.

चौथी रीति सेवा विकण्याची, आणि तिचा नमुना आपल्याच मुंबईंत आहे. रुषभ मेहता यांच्या फ्रॅपे या कंपनीनें ईआरपीनेक्स्ट हें हिशेब, साठा, पगार इत्यादि व्यवहार सांभाळणारें साधन, आणि तें ज्यावर उभें आहे तो फ्रॅपेचा प्रोग्रॅम-सांगाडा, दोन्हीं मुक्त ठेवलीं आहेत. कोणीही तीं घेऊन स्वतःच्या संगणकावर चालवावीं. ज्याला ती यातायात नको, त्यानें कंपनीला पैसे देऊन तिच्या संगणकांवर चालवून घ्यावीं. येथें बिल येतें, म्हणून पैसाही येतो. परंतु ज्या लायब्ररीचें काम गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढें नसतें, तिला विकण्यासारखी सेवा कोठून असणार?

अशा न दिसणाऱ्या साधनांसाठीं पांचवी रीति, सार्वजनिक निधीची. बंगळूरच्या झेरोधा या शेअर-दलालीच्या पेढीनें २०२४ सालीं जगांतील मुक्त-स्रोत साधनांसाठीं दर वर्षाला दहा लक्ष डॉलर देण्याचा निधि जाहीर केला. ज्यांच्या जोरावर आपला धंदा वाढला त्यांचें ऋण फेडावें, ही त्यामागील भूमिका. भारतीय पेढीनें असा पायंडा पाडावा ही आनंदाची गोष्ट आहे.

येथें दोन शंका उपस्थित होतात. पहिली अशी कीं, पैसे देणारा आपला हुकूम चालविणार नाहीं काय? चालवूं पाहील, यांत संशय नाहीं. म्हणूनच एका मोठ्या दात्यापेक्षां अनेक लहान वर्गणीदार बरे. जमाखर्च सर्वांना पाहतां यावा. आणि साधनांत काय घ्यावें व काय न घ्यावें हें ठरविण्याचा अधिकार काम करणाऱ्या जाणत्यांकडेच असावा. एवढें करूनही बिघडलें, तर साधनाची प्रत घेऊन वेगळी चूल मांडण्याची मोकळीक परवान्यानें दिलेलीच आहे. फारोच्या मंडळींनीं तेंच केलें.

दुसरी शंका अशी कीं, मग तें साधन गरिबाला विनामूल्य कसें राहणार? तें राहिलेंच पाहिजे. वर्गणी विद्यार्थ्यानें द्यावी असें मी म्हणत नाहीं, नव्यानें उभ्या राहणाऱ्या कारागिरानें द्यावी असेंही म्हणत नाहीं. बांधावर माती टाकण्याचें काम ज्याच्या शेतांत पीक उभें आहे त्याचें. पीक आल्यावर मात्र, बांध तर फुकटच आहे, असें त्यानें म्हणूं नये.

हा भार किती, तो कल्पनेनें मोजून पाहूं. समजा, वीस अभियंत्यांची एक पेढी आहे. तिनें दर अभियंत्यामागें महिना ५०० रुपये बाजूला काढले, तर महिन्याचे १०,००० आणि वर्षाचे १,२०,००० रुपये होतात. अशा दहा पेढ्या एकत्र आल्या तर वर्षाला १२,००,००० रुपये जमतात. एका जाणत्या अभियंत्याला एकाच साधनाच्या राखणीवर वर्षभर बसविण्याचा विचार एवढ्या रकमेंत करतां येईल. ऐरोली ते खारघर या पट्ट्यांत दहा पेढ्या निघणें अवघड आहे असें कोणी म्हणेल काय?

आणि ज्यांना पैसा देणें शक्य नाहीं, त्यांना माती टाकतां येते. आपल्या कचेरींत कोणकोणतीं मुक्त साधनें चालतात, त्यांची एक यादी करावी. पुष्कळांना आपण किती बांधांच्या आड बसलों आहोंत याचा प्रथमच उलगडा होईल. काम करतांना एकादी चूक आढळली, तर ती आपल्यापुरती झांकून न ठेवतां साधनाच्या मूळ मंडळींना कळवावी. दुरुस्ती केली असेल तर तीही त्यांच्याकडे पाठवावी. आपल्या अभियंत्यांना आठवड्यांतून दोन-तीन तास या कामासाठीं मोकळे सोडावे. कॉलेजांतील प्राध्यापकांनीं विद्यार्थ्यांच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांत, धूळ खात पडणारा नवा प्रोग्रॅम लिहून घेण्याऐवजीं, चालत्या साधनांतील एकादी चूक दुरुस्त करून घ्यावी. अशा कामानें विद्यार्थ्याला धंद्याचें खरें शिक्षण मिळतें आणि त्याचा उपयोग जगाला होतो. ज्यांची मराठी चांगली आहे, त्यांनीं माहितीचीं प्रकरणें मराठींत आणावीं. हेंही राखणीचेंच काम आहे. आणि जीं मंडळी साधनें तयार करतात, त्यांनीं बिल देण्याचा संकोच सोडावा. वर्षभराच्या देखभालीचा करार लेखी मांडला, तर कचेरींतील कारकुनाला तो वहींत चढवितां येतो. दान मागितलें तर तें एकदां मिळतें. कामाचें बिल दर वर्षीं देतां येतें.

श्रोतेहो, मुक्त-स्रोत साधनांनीं आपल्या मुलांना जें दिलें आहे तें लहान नाहीं. पूर्वीं श्रीमंत पेढीच्या बंद दारामागें असलेला कारखाना आज खेड्यांतून आलेल्या मुलाच्या मांडीवरील संगणकांत येऊन बसला आहे. त्याला तो कोणाच्या कृपेनें मिळालेला नाहीं, हक्कानें मिळालेला आहे. पण त्या मुलानें उद्यां त्यावर पोट भरावें असें वाटत असेल, तर तो कारखाना उद्यांही चालता असला पाहिजे, आणि आजच्यापेक्षां अधिक विश्वासाचा असला पाहिजे. ती व्यवस्था आपोआप होत नाहीं. या जमिनीवर पूर्वीं राबून गेलेल्या शेतकऱ्यांना ही गोष्ट कोणीं शिकविली नव्हती; पावसाळा जवळ आला कीं ते घमेलें उचलून बांधाकडे चालूं लागत. आपल्या कचेऱ्यांनीं निदान या वर्षाच्या अंदाजपत्रकांत त्यासाठीं एक ओळ राखून ठेवावी, एवढेंच माझें सांगणें आहे.